चारी बाजू सारख्या

नरोलीच्या आमच्या कारखान्यात डोक्याला बांधायचे रुमाल शिवले जात. बायकांनी धागे कापायचे, कापड पुरुषांनी कापायचं, असा तिथला न लिहिलेला कायदा. मला कटिंगचं टेबल हवं होतं. मागून मागून कटिंग मास्तरचं डोकं खाल्लं, तेव्हा एकदाचा तो म्हणाला, "चौकोर पीस काटके दिखाओ."

मी जीव ओतून रुमाल कापले. चारी बाजू टेपने मोजल्या, सुतभरही फरक नाही. मग आम्ही सगळेच करतो तसा एकेक रुमाल कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिकोनी दुमडला. कडा कडांवर चोख बसल्या. मास्तरने एक उचलून झटकला. "टेढ़ा है. जाओ, धागा काटो." टेबलावरचे पुरुष हसले. मला असा संताप आला की रडू फुटायचंच बाकी होतं. तोच रुमाल घेऊन मी घरी आले.

"जाऊ दे ना, कितली जिद करशी?" नवरा म्हणाला. मी म्हटलं, जाऊ देणाऱ्यातली असते तर धुळ्याहून इथवर आलेच नसते.

चहासुद्धा न घेता रुमाल जमिनीवर पसरला. तिकोनी दुमडला, बरोबर. दुसऱ्या दोन कोपऱ्यांनी दुमडला, तरी बरोबर. पण ही घडी आधीच्या घडीपेक्षा चांगली बोटभर लांब भरली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. शाळेत समभुज चौकोन काढले होते की मी! त्याच्याही चारी बाजू सारख्या, तोही तिकोनी दुमडला की छान बसतो. नुसत्या बाजू सारख्या असून चौरस होत नाही, कोपराही काटकोनात हवा. गुंडाळीवरून ओढताना कापड तिरकं झालं होतं, आणि आमची तपासायची रीत तो तिरकेपणा पकडतच नव्हती.

सकाळी कारखान्यात उरलेल्या कापडातून सारख्या अंतरावरचे दोन उभे आणि दोन आडवे धागे ओढून काढले आणि त्यांच्या जागी पडलेल्या रेषांवर कात्री चालवली. दोन्ही घड्या सारख्या आल्या. मास्तरने रुमाल उलटून पालटून पाहिला आणि बाजूला ठेवला. मी हटले नाही. पुरुषांच्या गठ्ठ्यातला वरचा रुमाल ओढला आणि त्याच्यासमोर दोन्हीकडून दुमडून दाखवला. घड्या जुळल्या नाहीत. आता कुणी हसेना.

"कल से टेबल पे आ जाना," मास्तर म्हणाला.

"कल क्यूँ?" मी कात्री खाली ठेवलीच नाही. "आज का पूरा दिन बाकी है."