परक्या मातीतली मिरची

बडनेऱ्याला गाडी फार थांबत नाही, म्हणून निरोपाचं सगळं आईनं घरीच उरकून घेतलं होतं. गाडी हलली तेव्हा मात्र खिडकीबरोबर चालत म्हणाली, "तिकडची थंडी अंगावर काढू नको वं." नांदगाव खंडेश्वरच्या वावरात जन्म घालवलेल्या आईला जर्मनीबद्दल एवढंच ठाऊक होतं. मला तरी कुठे जास्त होतं? माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, तिथे नोकरी लागली होती आणि मी त्याच्यामागे निघाले होते.

तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात आमची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. रडली नाही. बाळंतपणाला यायला आईचा व्हिसा व्हायचा होता, तो मग झालाच नाही. गावाबाहेरच्या दफनभूमीत आम्ही दोघांनीच लेकीला ठेवलं. घरी येऊन रडले तेही तोंडात ओढणी कोंबून. भिंती पातळ, शेजारी शांतताप्रिय.

व्हिडिओ कॉलवर मी नुसती बसून राहायची. एकदा आई म्हणाली, "हाताले काही काम दे. मिरची लाव कुंडीत."

शेतकऱ्याच्या घरात वाढूनही मी कधी रोप लावलं नव्हतं. पोरीनं शिकून बाहेर पडावं म्हणून आईनंच मला वावरापासून लांब ठेवलेलं. मसाल्याच्या डब्यातल्या लाल मिरचीचं बी काढलं, सुपरमार्केटातली माती आणली, ट्रे हीटरजवळ ठेवला. अंकुर आले तशी मला दुसरं काही सुचेना. उठता-बसता पाणी घालायची. मग एका सकाळी रोपांच्या माना बुडाशी बारीक होऊन सगळी आडवी पडलेली.

मी आईला फोन लावून ओरडले, "सगळी मेली! मी हात लावते ते मरतं!"

आईनं मला पूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाली, "पाणी जास्त झालं, बाकी काही नाई. अन् आईक. तुयाआधी मी दोन लेकरं पुरली, आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बाभळीखाली. त्यात माया हाताचा काय दोष होता?"

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. दादानं अमरावतीत फ्लॅट घेतला, तरी आई गाव सोडत नव्हती. आम्ही तिला हट्टी म्हणायचो.

मी पुन्हा बी पेरलं. आईनं सांगितल्यासारखं, वरची माती सुकल्याशिवाय पाणी घातलं नाही. थंडी सरल्यावर कुंड्या बाल्कनीत ठेवल्या. मावा पडला, पानं चुरडली, बरीच फुलं गळाली. तरी मूठभर मिरच्या आल्या. त्यांचा ठेचा प्रशांतनं पावाला लावून खाल्ला आणि मुलीच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर रडला. तिखट लागलं म्हणाला. मीही तसंच म्हणाले.

यंदा त्याला पुण्याची नोकरी चालून आली. आई खूश झाली. "आता या घरी," म्हणाली.

मी म्हटलं, "आई, ती इथं आहे."

आईनं पुन्हा घरी या म्हटलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग राय तिथंच."

गावाकडचे विचारतात, घरी कधी येणार? त्यांना सांगते, दिवाळीत. पण घर म्हटलं की आता मला दफनभूमीची ती कोपऱ्यातली जागा दिसते. अशा जागेवरून उठून निघणं आईलाही कधी जमलं नाही.