निरंक अहवाल

"उभी राहूनच सांग."

साहेब हे म्हणाले तेव्हा त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. म्हणजे तिच्यावर माणूस नव्हता, साहेबांची बॅग होती.

सातपूरमधल्या एका शाळेतली मुख्याध्यापकांची खोली. नदीला पूर आला तेव्हापासून तिथे मदत केंद्राचं कार्यालय होतं. टेबलाभोवती सातजण बसलेले. केंद्रप्रमुख साहेब, डॉक्टर मॅडम, वरच्या सोसायटीचे अध्यक्ष, बाकी खात्याखात्याची माणसं. मी दाराजवळ. चपला बाहेर काढल्या होत्या तरी पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. मी केंद्रावरची कंत्राटी नर्स. सकाळपासून नदीकाठच्या गल्ल्या फिरायच्या, घरोघर आजारी कोण ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि दुपारी चारच्या बैठकीत सांगायचं. एवढं माझं काम.

मी सांगायला लागले. "सर, मागच्या गल्लीत तापाचे पाच पेशंट आहेत. डोळे लाल, पोटऱ्या दुखतात. एकाचं अंग पिवळं वाटतंय. लेप्टो असू शकतो, गोळ्या लगेच..."

"थांब. आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"कुठली?"

"इथलीच, सातपूरची."

"ते कळलं. कुठल्या कॉलनीतली?"

तेही सांगितलं. साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि मान हलवली. बेरजेचा ताळा जुळल्यावर हलवतात तशी.

"तरीच. तुम्हा लोकांना आपल्या वस्तीत सगळेच पीडित दिसतात. आजारीसुद्धा."

टेबल हसलं. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. त्या फाइलची पानं उलटत राहिल्या. रजिस्टर मी टेबलावर ठेवलं होतं. साहेबांनी ते हाताने घेतलं नाही. पेनाच्या टोकाने माझ्याकडे सरकवलं.

"ताप, निरंक लिही. तपासणी झाल्याशिवाय पेशंट म्हणायचं नसतं. परवा वरून पाहुणे येतायत, उगाच घबराट नको. आणि जाताजाता चहाचं बघ जरा."

मी निरंक लिहिलं.

चहासुद्धा दिला. सात कप. हे आधी सांगून टाकते. पुढचं सांगताना मी स्वतःला शूर करून ठेवेन, याची मला भीती वाटते.

निरंक म्हणजे काही नाही. रकाना मोकळा सोडला तर वरून फोन येतो, म्हणून 'काही नाही' हेसुद्धा लिहावं लागतं. आमच्या केंद्रात सगळं त्या रकान्यावर चालायचं. चार वाजता अहवाल, पाच वाजता वाटप. ज्या भागात ताप लिहिला तिकडे गोळ्यांचा खोका, डॉक्टरांचं पथक आणि गरज पडली तर केंद्राची एकुलती एक ॲम्ब्युलन्स. जिथे निरंक तिकडे काही जायचं नाही. त्या दिवशी गोळ्यांचा खोका वरच्या सोसायटीत गेला. अध्यक्षांनी टाइप केलेली यादी आणली होती. तापाचे सत्तावीस संशयित. मी त्यांतल्या बऱ्याच जणांना ओळखत होते. कुणाला सर्दी होती, कुणाला नुसती काळजी.

मागच्या गल्लीला नाव नाही. वर्कशॉपांच्या मागच्या भिंती आणि नदी यांच्यामध्ये जी पट्टी उरते, तिच्यात पत्र्याची तीसेक घरं. पेठ, सुरगाण्याकडून आलेली माणसं. पॉलिशच्या, प्लेटिंगच्या शेडमध्ये कामाला. नकाशावर तिथे हिरवा रंग आहे, म्हणजे वस्तीच नाही. पूर आला तेव्हा ही माणसं वर्कशॉपच्या स्लॅबवर चढून बसली. पाणी उतरलं तशी खाली आली आणि चिखल काढायला लागली. चिखलात मेलेल्या घुशी होत्या. लेप्टोचा ताप अशाच चिखलातून, पायाच्या भेगांतून अंगात शिरतो.

लहानू या गल्लीतलाच, माझ्या पाच पेशंटपैकी अंग पिवळं वाटणारा तो. तिशीचा, काटक. पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी केंद्रातून निरोप आला होता, सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग साफ करायला माणसं पाठवा. लहानू गेला. तीन दिवस अनवाणी गुडघाभर गाळात उभा राहून त्याने अध्यक्षांच्या गाड्यांना वाट करून दिली. केंद्रात गमबूट आले होते. ते सोसायटीच्या वॉचमनना आणि फोटोत येणाऱ्यांना मिळाले. लहानूच्या टाचा भेगाळलेल्या. मी नंतर पाहिल्या.

माझ्याबरोबर गल्ल्या फिरायच्या त्या शांतामावशी. आमच्या भागातल्या 'आशा' आरोग्यसेविका. मूळ नांदगावच्या, पंचवीस वर्षं सातपुरात राहून बोली तशीच. पहिल्या दिवशी निरंक लिहून बाहेर आले तेव्हा त्या पायरीवर वाट बघत होत्या.

"काय म्हनला?"

"निरंक लिही म्हणाले."

"मंग?"

"लिहिलं."

मावशी पायरीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "त्याला पोटऱ्या हायेत का गं? टेबलाखाली वाकून बघाया पायजे एकदा. मला तं वाटतं त्यो खुर्चीतच संपतो."

मी हसले. हसू आलं याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशीही मी निरंक लिहिलं. यावेळी साहेबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसतं पाहिलं. मी मनात म्हटलं, नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची आहे. महिनाभरात करार संपतो. मॅडमना बाजूला घेऊन सांगू. मॅडमना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "मला कळतंय गं. पण अहवालात नाही, तर मी स्टॉक कशाच्या आधारावर काढू?" अहवाल मीच लिहिला होता. त्या खोटं काही बोलल्या नव्हत्या.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कारखान्यात टर्नर होते. गेटसभेची, जयंतीची, मोर्च्याची पत्रकं उरायची ती घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. छापील बाजू वाचत मोठी झाले. 'का सहन करायचं?' असं मोठ्या टाइपात लिहिलेलं असायचं. मी वक्तृत्व स्पर्धेत तेच ओरडून बक्षिसं आणली. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा सात कप चहा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लहानूची बायको जनी केंद्राच्या फाटकाशी उभी होती. आत सोडत नव्हते. पाहुणे त्याच दिवशी येणार होते.

"ताई, ह्याला कालपासून लघवीच व्हत नाय. डोळं पार हळदीवानी झालं. बोलतो त्ये कळत नाय."

मी धावत ॲम्ब्युलन्सकडे गेले. गाडी फाटकाच्या आतच उभी होती. पुसून लखलखीत. टपावर झेंडूची माळ. ड्रायव्हर चांगला माणूस. त्याने काच खाली केली.

"कुठं जायचं?"

"मागच्या गल्लीत. किडनी बंद पडतेय. सरकारी दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच."

तो घुटमळला. डॅशबोर्डवरचा कागद काढून मला दाखवला. कालचा अहवाल. त्या दिवशी गाडी कुठे पाठवायची ते त्यावरून ठरायचं.

"ताई, तुमच्या भागापुढं निरंक हाय. साहेबांची सही आणा, मी लगेच निघतो. नाय तर माझी नोकरी जाईल ना."

कागदावर माझं अक्षर होतं. शाळेत ज्या वळणदार अक्षरासाठी माझं कौतुक व्हायचं, ते. न ला वेलांटी, र, त्यावर अनुस्वार, क. त्याखाली माझी सही.

साहेब पाहुण्यांबरोबर होते. फोन उचलला नाही. आम्ही लहानूला केमिकलचे कॅन वाहणाऱ्या टेम्पोत घातलं. मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रस्ताभर कॅन एकमेकांवर आपटत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटरी दाबली, तो ओरडला. त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून?" जनी म्हणाली, "पाच-सा दिस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर केंद्राचा ॲप्रन होता. "मग गोळ्या सुरू का नाही केल्या?"



त्यांनी करायचं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता लहानू गेला.

त्याच दिवशी चारची बैठक; आदल्या दिवशी पाहुण्यांमुळे झाली नव्हती. मी तोंड धुऊन गेले. रडून आलेली दिसायचं नव्हतं. साहेबांना बातमी लागली होती.

"ते मागच्या गल्लीतलं प्रकरण. कावीळ होती ना? पीत असणार."

अध्यक्ष म्हणाले, "त्यांच्यात पितातच. बाया पण."

"तसं लिही. व्यसनामुळे कावीळ. आणि ताप नेहमीप्रमाणे."

लहानूने कधी दारू घेतली नव्हती. घेतली असती तरी काय? दारू पिणाऱ्या माणसाच्या टाचेतून आजार शिरला तर तो आजार नसतो का? पण त्या क्षणी माझ्या मनात हे एवढं नीट आलं नाही. एवढंच आलं, की परवा त्याला माझ्या हाताने रकान्यातून काढलं, आता माझ्याच हाताने त्याला बदनाम करायला सांगतायत.

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

"काय?"

"तो अध्यक्षांच्या सोसायटीच्या तळघरात तीन दिवस अनवाणी काम करत होता. तिथून ताप घेऊन आला. मी तेच लिहिणार."

"ए, आवाज खाली."

"आवाज खालीच आहे, सर."

खरंच होता. माझी मलाच ओळख पटेना, इतका शांत. मी रजिस्टर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि कार्बन घालून लिहायला लागले. मागची गल्ली. तापाचे एकूण रुग्ण, अकरा. मृत्यू, एक. प्रत्येकाची लक्षणं, ताप कधी सुरू झाला, घर कुठलं. खाली एक ओळ जादा लिहिली: 'यापूर्वीचे दोन निरंक अहवाल खोटे आहेत. ते केंद्रप्रमुखांच्या सांगण्यावरून मी लिहिले.'

साहेब म्हणाले, "हा कागद मी घेणारच नाही."

"तुम्ही नका घेऊ. आवक क्लार्क घेतील."

क्लार्क कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. निवृत्तीला आलेले. त्यांच्यासमोर मूळ प्रत ठेवली, कार्बनची प्रत पुढे केली. "पोहोच द्या."

ते साहेबांकडे बघू लागले.

"काका, आलेल्या कागदावर शिक्का मारणं हे तुमचं काम आहे. साहेबांचं नाही."

 बाहेर मांडव सोडणाऱ्यांचा आवाज येत होता. काकांनी शाईचं पॅड उघडलं. शिक्का तिरका पडला. तारीख, वेळ, आवक क्रमांक, आखूड सही. चार वाजून बावीस मिनिटं.

डॉक्टर मॅडम उठल्या.  त्यांनी फाइल मिटली. व्हरांड्यात आल्यावर म्हणाल्या, "चल, गल्ली दाखव. आता कागद झालाय. आता मला यावंच लागेल." त्या संध्याकाळी मागच्या गल्लीत पहिल्यांदा गोळ्या पोहोचल्या. दोघांना दाखल करावं लागलं. गाडी आली. टपावरची माळ कुणीतरी काढली होती.

एका तिरक्या शिक्क्याने जे झालं ते अकरा माणसांच्या तापाने झालं नव्हतं. लोक म्हणतात, तू जिंकलीस. असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तोंडी. मी लेखी मागितलं. अजून मिळालेलं नाही.

लहानू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी जनीकडे गेले. ती ओले कपडे भिंतीवर पसरत होती. तिने मला बसायला पोतं टाकलं. मग पाठमोरीच विचारलं.

"ताई, आमी पैल्यांदा सांगितलं व्हतं, तवा तुमी ह्याचं नाव लिवलं व्हतं ना?"

हो म्हणता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वहीत लिहिलं होतं. वर पाठवलं नाही. दोन दिवस."

जनी वळली.  शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. तिने पोतं उचललं नाही, चहा विचारला नाही. उरलेले कपडे टाकले आणि आत गेली. पत्र्याचं दार ओढून घेतलं.

मी तक्रार अर्ज लिहिलाय. प्रती काढल्यात. 'लहानूच्या मृत्यूला जबाबदार कोण' या ओळीपुढे पहिलं नाव माझं आहे. हुद्दा, पत्ता, सही. दुसरं साहेबांचं. तिसरं अध्यक्षांचं. आमच्या कॉलनीतल्याच काही कार्यकर्त्यांनी समजावलं, स्वतःचं नाव काढ, केस कच्ची होते, तूही अडकशील. मी काढणार नाही. पहिलं नाव खरं आहे म्हणूनच दुसरं खोडता येणार नाही. मला शिक्षा झाली तर ती कशासाठी झाली हे कागदावर येईल, आणि ते मला कुणी लिहायला लावलं हेही येईल.

चौकशीला बोलवा. मी येईन. विचाराल ते सगळं सांगेन, माझ्यापासून सुरुवात करून.