भिंतीवर लिहू नको

लातुरात मी हयातभर पाट्या रंगवल्या. मोकळी भिंत दिसली की माझा हात शिवशिवायचा. पण अम्मानं मला कधीही तिच्या भिंतीला ब्रश लावू दिला नाही. तिची पाटी पत्र्याचीच हवी, वर दोन कड्या आणि भिंतीत दोन हुक. पाटी टांगून झाली की ती निखाऱ्यावर एक पापड धरायची आणि मला म्हणायची, "हां पेंटर, आता काढ." पापड भाजून व्हायच्या आत पाटी खाली आली तर मी पास. नाही आली तर पापड माझ्या हातावर ठेवायची आणि हुक बदलून आणायला पाठवायची.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बहात्तरच्या दुष्काळात. मी मूळचा कंधारचा. गावात माणसं खडी फोडायला जात होती आणि मला ब्रशाशिवाय दुसरं काही उचलता येत नव्हतं. लातुरात येऊन आठवडाभर हिंडलो. दुष्काळात नवं दुकान कोण काढतो, आणि जुन्या दुकानाला रंग कोण देतो? शेवटी कुणीतरी सांगितलं, सिंधी वस्तीत पापडवाल्या अम्माला पाटी पाहिजे, पण बाई विक्षिप्त आहे.

अम्मा फाळणीनंतर दोन लहान पोरांना घेऊन कल्याणच्या छावणीत आली आणि तिथून कुण्या नातलगाच्या भरवशावर लातूरला. तिच्याबरोबर सिंधमधून एकच वस्तू आलेली, लाकडी लाटणं. त्या लाटण्यावर तिनं पापडाचा धंदा उभा केला होता. मी गेलो तेव्हा अंगणात, माळवदावर, खाटांवर, जिकडं तिकडं पापड वाळत होते. तिनं मला ओळखदेख नसताना आधी एक भाजलेला पापड दिला आणि पेलाभर पाणी. सिंध्यांची ती रीतच आहे. पण त्या वर्षी लातुरात पेलाभर पाणी परक्याला कोण देत होतं? मी ते घोट घोट करून प्यालो. डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करायला आज लाज वाटत नाही.

"ऊन लई चांगलं हाय, न्हाई?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "पापडाला बरंय."

तिनं घाईनं दाराकडं पाहिलं. "हळू बोल, पुट. लोकांचा पिकं जळून राहिला आनि आमचा पापड सुकते. कोनी ऐकला तर?" पुट म्हणजे बेटा. मला ती शेवटपर्यंत पुटच म्हणाली. त्या दिवशी तिनं खिडकीवर चादर ओढली आणि मगच पाटीचं बोलली. पाटीवर तिच्या नवऱ्याचं नाव आणि खाली "पापड, ठोक व किरकोळ, लातूर, जि. उस्मानाबाद". मी म्हटलं, भिंतीवर काढतो, पत्र्याचा खर्च वाचेल. ती म्हणाली, "भिंतीवर लिहू नको. भिंत संगं येत न्हाई."

पुढं त्या घराच्या पाट्या वाढत गेल्या आणि त्यांच्यामागं माझाही संसार वाढला. पापडाला उडदाची डाळ लागते म्हणून डाळ मिल निघाली. डाळीला पोती लागतात म्हणून बारदान्याचं दुकान. माल हैदराबादेला न्यायचा म्हणून ट्रक, आणि ट्रक बिघडतात म्हणून सुट्या भागांचं दुकान. दुष्काळानंतर जो तो बोअर पाडायला लागला तेव्हा पाइप आणि पंपांची एजन्सी. मग तेलाची गिरणी, लॉज, नांदेडची शाखा. लोक तिच्या थोरल्या मुलाचं, किशनशेठचं, कौतुक करायचे. काय दूरदृष्टी, म्हणायचे. मी प्रत्येक पाटीच्या वेळी तिथं होतो, म्हणून सांगतो, दूरदृष्टी वगैरे काही नव्हतं. ती अम्माची भीती होती. "एक जागा गेला तर दुसरा राहील," एवढंच ती म्हणायची. किशनशेठला एक धंदा मोठा करायचा असायचा, अम्माला दुसरा उघडायचा असायचा. आणि घरात अम्मापुढं कुणाचं चालत नव्हतं.

तेलाच्या गिरणीची पाटी बारा फुटांची होती. तिलाही हुकच. खाली उतरवायला चार हमाल लागले. अम्मानं मोठ्या मनानं एकाऐवजी चार पापड भाजेपर्यंत सवलत दिली. चौथा पापड करपला, तरी तिनं चालवून घेतलं, म्हणून मी बचावलो. हमाल हसत होते, मीही हसलो. आमच्या घरातही रझाकारीतल्या पळापळीच्या गोष्टी होत्या. माझा बाप रात्रंदिवस पायी चालत सोलापूरकडं पळाला होता. पण आमच्या गोष्टी होऊन गेल्या होत्या. अम्माची गोष्ट अजून चालूच होती, आणि हे मला फार उशिरा कळलं.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात गुलाल काय, फटाके काय, पेढे काय! आणि आम्हा पेंटर लोकांची तर दिवाळीच. प्रत्येक पाटीवरचं उस्मानाबाद पुसायचं आणि लातूर लिहायचं. अम्माच्या तर लातुरातच अकरा पाट्या. मी गुलालानं माखलेलाच, रंगाचे डबे घेऊन डाळ मिलकडं निघालो.

मिलचं फाटक बंद होतं. बाहेर निवडणीच्या बाया डबे हातात धरून उभ्या होत्या. "पेंटरभाऊ, मिल बंद व्हायली म्हनं," एकीनं विचारलं. "आमी काय करावं?" मी आत गेलो. आवारात अकराही पाट्या उतरवून, अक्षरं भिंतीकडं करून, ओळीनं ठेवलेल्या. ट्रकमध्ये पेट्या चढत होत्या. किशनशेठ मला पाहताच जवळ आला. "पेंटर, तुमीच सांगा तिला. सकाळपासून आमचं कुनाचं ऐकून राहिली न्हाई. फटाक्यांचा आवाज ऐकला आन् पाट्या काढा म्हनली."

अम्मा पायरीवर बसली होती, मांडीवर लाटणं. फटाक्यांची माळ वाजली की तिचे खांदे दचकत होते.

"पुट, लकीर कुठून गेली?"

मला आधी कळलंच नाही. मी आपला उत्साहात सांगून बसलो, "अम्मा, आपलं लातूर येगळं झालं! आता उस्मानाबाद तिकडं, आपन हिकडं!"

तिचा चेहरा पाहिला आणि मी काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं. गावात सगळे ज्या बातमीवर नाचत होते तीच बातमी मी तिला अशा शब्दांत सांगितली होती, जशी तिला एकदा आधी कुणीतरी सांगितली असणार.

"मग जायाचा कोनी?" ती म्हणाली. "तिकडचा कोन, हिकडचा कोन, हे कोन ठरवनार?" आणि मग तिनं ते सांगितलं, जे किशनशेठलाही धड ठाऊक नव्हतं. तिकडं त्यांचं कापडाचं दुकान होतं. सासऱ्याचं नाव भिंतीवर कोरून रंगवलेलं. निघायच्या दिवशी नवरा तिला म्हणाला, तू पोरांना घेऊन स्टेशनवर पुढं हो, मी एवढं नाव खरवडून येतो. भिंतीवर नाव राहिलं तर दुकान कुणाचं ते कळतं, मागं राहिलेल्या नोकराला त्रास होईल. "गाडी सुटला. तो आला न्हाई. अक्षर खोल होता, पुट."

मी तिथंच मातीत बसलो. अंगावरचा गुलाल पुसावासा वाटला. दहा वर्षं मी त्या हुकांना हसत होतो.

समजावून सांगणं माझ्या आवाक्यात नव्हतं. पण मला एक सरकारी काम मिळालं होतं, मुरुडच्या पुढं रस्त्याकडेला जिल्ह्याच्या नव्या हद्दीची पाटी रंगवायचं. मी म्हटलं, "अम्मा, लकीर बघायला चला." किशनशेठनं जीप काढली. वाटभर ती लाटणं घट्ट धरून होती आणि मला मनातून धास्ती, की तिथं काही भलतंच दिसलं, पोलीस दिसला, तर ही बाई आज लातूर सोडते आणि त्या बायांची चूल विझते. माझीही.

हद्दीवर दोन लोखंडी खांब आणि कोरा पत्रा होता. बाकी हिरवं माळरान. एक म्हातारी शेरडं हाकत येत होती. अम्मा जीपमधून उतरली आणि सरळ तिच्यासमोर उभी राहिली.

"इकडून तिकडं जाऊ देतात?"

"कोन अडवतंय माय?" म्हातारी म्हणाली. "शेरडं तिकडं चरत्यात, पानी हिकडं पेत्यात. तुमी कुठल्या?"

 अम्मानं एक पाय खांबांच्या अलीकडं, एक पलीकडं ठेवला आणि तशीच उभी राहिली, बराच वेळ. एक एसटी आली, थांबली नाही, गेली. मग ती जीपमध्ये जाऊन बसली. "चल किशन. बाया उन्हात उभ्या हायेत."

संध्याकाळपर्यंत अकराही पाट्या वर चढल्या. मी उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं. हुक मात्र तसेच राहिले, आणि प्रत्येक पाटीला पापडाची परीक्षा झालीच.

अम्मा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तर सुनेला म्हणाली, पेंटरला पापड दे, पाणी दे. तिच्या मागं किशनशेठनं रिंग रोडला चार मजली ऑफिस बांधलं. दर्शनी भिंतीवर काळा ग्रॅनाइट, त्यात वडिलांचं आणि अम्माचं नाव खोल कोरून सोनेरी भरलेलं. किशनशेठ मला हात धरून दाखवायला घेऊन गेला. "पेंटर, आता हे कधी निघायचं न्हाई," तो अभिमानानं म्हणाला.

काम खरंच सुरेख होतं. मी हो म्हणालो. पण माझं बोट आपोआप त्या अक्षरात गेलं, पेरभर आत.  हे खरवडायला किती वेळ लागेल, आणि ते खरवडायला मागं कोण थांबेल, एवढंच मला सुचत होतं.