शाहिराला दिलेली चिठ्ठी

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले होते, त्यामुळे त्या वर्षी मी जरा जास्तच वाचत होतो.

शाळा माझी चौथीत सुटली. पण कादंबरी वाचायला चौथी पुरते. ज्याला पटत नाही त्यानं माझ्यासमोर येऊन बसावं. मी बोट ठेवून वाचतो, ओठ हलवून वाचतो, दिवसाला आठ-दहा पानं होतात. शिकलेले लोक एका दिवसात पुस्तक संपवतात, मला तेच महिनाभर पुरतं. आता सांगा, जास्त मजा कोणाला आली? तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळवतात तिथं, राखणीला बसायचो तेव्हा ही सवय लागली. पुडे उन्हात वाळत पडलेले आणि राखणदाराला डोळे उघडे ठेवण्यापलीकडे काम नाही. आता सडक अर्जुनीच्या वाचनालयातून पुस्तकं आणतो. तिथली बाई म्हणते, "बाबाजी, शेवट आधी पाहत नाही ना तुम्ही?" मी पाहत नाही. तो माझा नियम आहे.

दुसरा शौक खड्या गंमतीचा. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात, आणि भर दुपारी मंडपात दोन शाहीर समोरासमोर उभे होतात, एक कलगीचा आणि एक तुऱ्याचा. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा, मग त्यानं उलटा सवाल टाकायचा. ढोलकी, डफ, तुणतुणं, मागं ओळ उचलून धरणारे झीलकरी. हीच खडी गंमत, दिवस कलेपर्यंत चालते.

मी कलगीवाल्याचा. चाळीस वर्षांपासून त्याचाच. त्याच्यासाठी सायकलनं कुठं कुठं गेलो ते मोजून सांगत नाही, पण धान कापायचं सोडून गेलो हे बायको अजून सांगते. दरवर्षी एक नारळ आणि एक दुपट्टा त्याच्यासाठी घेऊन जातो. आणि तुऱ्यावाला गायला उभा झाला की मी मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, धोतर झटकून उठतो आणि पान खायला जातो. चाळीस वर्षांत त्याची एक ओळ मी धड ऐकली नव्हती. ऐकायची गरज वाटली नव्हती.

त्या दिवाळीला माझा साळा आला. एसटीत कंडक्टर होता, आता गोंदियात राहतो, अर्धं हिंदी बोलतो. ओसरीत बसून मी त्याला माझ्या शाहिराचं सांगत होतो, की सवाल कानावर पडला की हा माणूस जागच्या जागी जवाब रचतो. साळ्यानं मोबाईल काढला.

"भाऊजी, ये देखो."

मोबाईलवर माझा शाहीर. मागच्या वर्षीची कुठली तरी मंडई. सवाल आला, शाहिरानं फेटा सावरला, आभाळाकडं पाहिलं, आणि जवाब दिला. मग साळ्यानं दुसरं गाव लावलं. सवाल वेगळा. शाहिरानं फेटा सावरला, आभाळाकडं पाहिलं आणि तोच जवाब दिला. मग तिसरं गाव लावलं.

"तीन गाव, तीन सवाल, जवाब एकच. पाठ करून येते तो. रट्टा है भाऊजी, रट्टा."

"कायले खोटं बोलून राहिलास?"

"मी कायले बोलू? तुमचा शाहीरच बोलून राहिला."

"एखादी वेळ होते."

"तीनदा? आभाळाकडंसुद्धा दरवेळी तसाच पाहते. तुम्हाले चाळीस वर्षं उल्लू बनवलं, आन तुम्ही वरून दुपट्टा घातला."

बायको आतून हसली. मी उठून गोठ्यात गेलो.

साळा काही बोलला म्हणून माझं बिघडत नाही, तो नेहमीच बोलतो. पण हे मनातून निघेना. कादंबरीवाला घरी बसून लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. त्याच्याजवळ वेळ आहे. शाहिराजवळ वेळ नाही. हजार लोक पाहत असतात, ढोलकी थांबत नाही, आणि तरी त्याच्या तोंडून नवी ओळ निघते. ती निघताना पाहण्यासाठी मी उन्हात बसत होतो. ती ओळ घरून बांधून आणलेली असेल तर मी तिथं काय पाहत होतो? मला राग कमी आला आणि ते जाणून घ्यायची खुमखुमी जास्त. माणसाला खरंच असं जागेवर सुचतं का? का कोणालाच सुचत नाही, आणि आपल्यालाच तसं वाटतं?

शेवटी मी ठरवलं, आपणच पाहायचं. असा सवाल द्यायचा जो पुराणात नाही, कोणत्या शाहिराच्या वहीत नाही.

तेव्हा माझ्याजवळ एक कादंबरी होती. त्यात विहीर खोदणारा एक माणूस आहे. पाण्यासाठी तरसलेल्या गावात तो एकटा विहीर खोदतो. पाणी लागतं. आणि आठ दिवसांत त्याचाच पोरगा त्या विहिरीत पडून जातो. गावकरी म्हणतात, आमच्यानं हे पाणी पिणं होणार नाही, विहीर बुजवून टाकू. पंचायत बसते. मी बरोबर तिथंच पोचलो होतो. पुढचं पान उलटायची फार इच्छा झाली, पण मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. जवाब मलाही माहीत नसला पाहिजे, तर पारख खरी.

सवाल चिठ्ठीवर मी स्वतः लिहिला. वाचनालयाची बाई लिहून द्यायला तयार होती. मी म्हटलं, माझा सवाल, माझं अक्षर. दोन कागद खराब झाले, तिसऱ्यावर जमलं. 'ज्यानं विहीर खोदली त्याचाच पोरगा तिच्यात गेला. गावानं ते पाणी प्यावं का विहीर बुजवावी?'

आमच्या गावची मंडई आली. साळा मुद्दाम माझ्या बाजूला बसला. कलगीवाला एक जवाब संपवून पाणी पीत होता, तेव्हा मी मंडपात शिरलो आणि चिठ्ठी त्याच्या हाती दिली. त्यानं मला ओळखलं, मान झुकवली. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. खूश दिसला. मी जागेवर येऊन बसलो.

शाहिरानं फेटा सावरला, तुऱ्यावाल्याकडं बोट केलं आणि माझा सवाल त्याच्यावर टाकला.

साळा माझ्या मांडीवर थाप मारून हसायला लागला. "भाऊजी! जवाब कोणाचा पाहिजे होता, आन चिठ्ठी कोणाले दिली!"

रीत अशी आहे की ज्याच्या हाती सवाल जातो तो समोरच्याला विचारतो. मुलंसुद्धा हे जाणतात. मला कलगीवाल्याची पारख करायची होती तर चिठ्ठी तुऱ्यावाल्याला द्यायला पाहिजे होती. पण त्याच्याकडं जायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला पायच टाकला नव्हता.

आता तुऱ्यावाला उभा झाला. पान खायला जायची माझी वेळ. साळ्यानं रस्ता दाखवला, "जा ना, गर्दी नाही आता पानठेल्यावर."

"चूप बस," मी म्हटलं.

तुऱ्यावाला बारीक चणीचा, काळा, कपाळावर घामानं गुलाल वाहिलेला. त्यानं आभाळाकडं पाहिलं नाही. जमिनीकडं पाहिलं. झीलकऱ्यांना हात केला, तसे ते जुनंच धृपद म्हणत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. लोक शिट्या मारायला लागले. कलगीच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "बस खाली!" पानठेल्याकडं जाता जाता तसं ओरडणारा आधी मीच असायचो. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. ओठ हलत होते, मी वाचताना माझे हलतात तसे. मग त्यानं डफावर थाप दिली.

"ज्यानं खोदली विहीर त्याचं गेलं लेकरू जी,
बुजवा म्हणता तुम्ही, मग बुजवणार कोण जी?
कुदळ त्याच्याच घरी, गावात दुसरी नाही,
पुन्हा त्यालेच उतरवाल का? सांगा ना, पंच जी!"

पहिल्या ओळीला दुसरी जुळली नाही. तिसरीत 'जी' आलाच नाही, ढोलकीवाल्याचा हात हवेत राहिला. झीलकऱ्यांना कुठं उचलायचं ते कळलं नाही, एक आधी बोलला, एक मागून. आणि मंडपात कोणी शिटी मारली नाही. समोर बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मग त्यानं पुढं गायलं, की पहिला घडा पोराच्या मायनं काढावा, ती बोलेल तसं गावानं करावं, पंचांनी तिला विचारलं तरी आहे का? मी त्या कादंबरीत इतका बुडालो होतो, पण त्या मायला कोणी विचारलं नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

साळा हसायचा थांबला होता. हळूच म्हणाला, "हे रट्टा नाही, भाऊजी."

"मले दिसते."

मला दिसलं ते असं. चाळीस वर्षं मी सफाईला वाहवा देत होतो. ओळ कशी तेलातून काढल्यासारखी आली, असं म्हणत होतो. आणि ती तशी येत होती कारण ती दहा ठिकाणी गाऊन झालेली होती. नवी ओळ अडखळत येते, ढोलकीवाल्याला घाबरवून येते. मला हे कळलं असतं, जर मी पान खायला गेलो नसतो.

यावर कलगीवाल्यानं गंगामाईचं काहीतरी गायलं. छान गायलं. विहिरीशी त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. दिवस कलला, गंमत सुटली, आणि मी नारळ आणि दुपट्टा घेऊन उठलो. साळा पाहत होता आता मी कुठं जातो. मी कलगीवाल्याकडं गेलो आणि दुपट्टा त्याच्याच गळ्यात घातला. त्याच बाजूला म्हातारा झालो, आता पक्ष काय बदलायचा. त्याचा आवाज अजून आवडतो मला, त्यात खोटं काही नाही. पण त्याच्या खांद्यावरून मी पलीकडं पाहत होतो. तुऱ्यावाला तुणतुणं कापडात गुंडाळत होता.

घरी आल्यावर साळा जेवताना म्हणाला, "आता तर पुस्तक पूर्ण वाचा." त्या रात्री मी हात लावला नाही. पुढं काही दिवसांनी वाचलं ते. लेखकानं काय केलं ते सांगत नाही, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं. एवढंच सांगतो, त्याला चाळीस पानं लागली.

झोपेपर्यंत माझ्या डोक्यात एकच. ते धृपद तीनदा फिरलं तेवढ्या वेळात त्या माणसाच्या आत काय चाललं असेल? कादंबरी लिहिणाऱ्याला विचारायची सोय नाही, कुठं राहतो कोणाला माहीत. हा तर काळीपिवळी जीपनं जायच्या अंतरावर होता.

सकाळी चहा घेऊन निघालो. बायको म्हणाली, "कुठं जाऊन राहिले?" मी म्हटलं, कोहमाऱ्याला. तिथं ट्रकांच्या रांगेतून रस्ता ओलांडून दुसरी गाडी धरली आणि त्याच्या गावी उतरलो. घरी बाईनं सांगितलं, धानाच्या बांधीत आहेत. गेलो. तुऱ्यावाला उकिडवा बसून धान कापत होता, एकटाच. मला पाहून त्यानं विळा थांबवला. आवाज पार बसलेला होता.

"तुम्ही कलगीवाले ना? मी उभा झालो का उठून जाणारे?"

"काल बसलो होतो."

"पाहिलं मी. सवाल तुमचाच होता, नाही का? अक्षर पाहून तुमचा शाहीर हसून राहिला होता."

"हसू दे. मले एक विचारायचं आहे."

"विचारा. पण धान पडून राहिलं, हात थांबवता येत नाही मले."

बांधीच्या कडेला धुऱ्यावर दुसरा विळा पडला होता. मी चप्पल काढली, धोतर खोचलं, त्याच्या बाजूच्या ओळीला बसलो आणि पहिली मूठ कापत विचारलं, "आधी कोणती सुचली, पयली ओळ का शेवटची?"