लबाडवार

पडद्यावरच्या माणसांच्या खाण्यापिण्यावर माझ्या मामीइतका अविश्वास पुण्याजवळच्या अख्ख्या धायरीत कुणाचा नसेल. ती कुणाला खोटं म्हणत नाही, नुसती बघते. टीव्हीवर एखादा नट कसल्याशा ताकदीच्या दुधाचा पेला तोंडाला लावतो, तेव्हा मामी पोळपाट सोडून पुढे येते आणि त्याच्या गळ्याकडे पाहते. "गिळलं का? नाय गिळलं. लगेच चित्र बदललं." मी शिकायला तिच्याकडे राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला मोबाईलवर अशी एक जाहिरात थांबवत थांबवत बघायला लावली. आमच्या गावाकडच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून तिचा माझ्यावर जरा जास्तच भरवसा. मी दोनदा पाहिली. खरंच गळा हलला नव्हता.

शेजारच्या काकू कुठल्याशा नटीचं ऐकून सकाळी उपाशीपोटी काहीतरी आंबट प्यायला लागल्या, तेव्हाही मामीनं त्यांना अडवलं नाही. एवढंच विचारलं, "ती सकाळी काय पिती ते सांगती. तिची भांडी कोण घासतं, ते बी सांगती का?" काकूंना राग आला असावा. पण दुसऱ्या दिवशी त्या चहाला आमच्याकडेच होत्या.

मग ते खूळ आमच्याच घरात आलं. माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणतो, हडपसरला आयटीत नोकरीला होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी हसत हसत म्हणालं होतं, "फोटोत छान दिसायला हवं हं." ते कुणी म्हणालं हे आता कुणालाच आठवत नाही, पण ताईनं दुसऱ्या दिवसापासून एका नटीचं डाएट धरलं. भाकरी बंद, भात बंद, संध्याकाळी उकडलेल्या भाज्या. रविवारी मात्र चीट डे. त्या दिवशी काहीही खा.

मामीला यातलं बाकी सगळं व्रतासारखं वाटलं, त्यामुळे तिचे प्रश्नही तसेच होते. "याला उद्यापन कधी?"

"आई, डाएटला उद्यापन नसतं."

"मंग ते सुटायचं कसं?"

ताई डबा भरायला लागली. मग मामी माझ्याकडे वळली. "कॉलेजवाल्या, चीट म्हंजी काय रे?" मी जरा चाचरलो. म्हटलं, "म्हणजे... लबाडी." मामीनं मान डोलावली. "असं व्हय. म्हंजी सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आन् रविवार लबाडाचा." त्या दिवसापासून आमच्या घरी रविवारचं नाव लबाडवार पडलं. मटण शिजलं की ती जिन्यातून हाक मारायची, "या रे लबाडांनो, पानं घेतलीत!" खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्यांना आमचं आडनावच तसं आहे, असं बरेच दिवस वाटत होतं.

एका रविवारी ताई पोटभर जेवली. रस्सा ओरपला, आणखी एक भाकरी मागून घेतली. आणि हात धुऊन आल्यावर रडायला लागली. आपण फारच खाल्लं, आता दोन दिवस नुसतं पाणी, असं म्हणाली. मामी हसून काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती ताईचं ताट उचलून मोरीत गेली. मंगळवारी ऑफिसला निघताना ताई जिन्यातच चक्कर येऊन खाली बसली. मामीनं तिला धरून वर आणलं, लिंबूपाणी पुढे केलं. ताईनं "साखर आहे का त्यात?" असं विचारलं, तेव्हा मामीचा चेहरा मला बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात पुरण शिजत होतं. मामीनं गल्लीतल्या पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या. हळदीकुंकू झालं, ओट्या भरल्या. एकीनं विचारलं, "कुठल्या व्रताचं उद्यापन म्हणायचं हे?"

"एका नटीच्या," मामी शांतपणे म्हणाली. "माझ्या पोरीनं धरलं हुतं. आज सोडतोय."

मग शेजारच्या काकू फिस्सकन हसल्या आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. ताई लाजली, चिडली, शेवटी तीही हसली. मामीनं तिच्या पानात पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि समोर बसून राहिली. ताईनं पहिला घास मोडला, तो तिनं खाल्लासुद्धा, तेव्हा कुठे मामी उठली.

त्या संध्याकाळी भांडी आवरताना मी मामीला विचारलं, की एवढं सगळं कशाला केलंस. ती म्हणाली, "मी या घरात आले तवा बायका शेवटाला बसायच्या. पातेल्यात राहील ते आपलं. काही दिस तर राहायचंच नाय. तवाच ठरवलं हुतं, पोरगी झाली तर तिला आधी वाढायचं." एवढं बोलून ती ओटा पुसायला लागली.

ताईचं लग्न झालं. फोटोत ती आहे तशीच दिसते, म्हणजे छान. मामी आता मला आणि मामांना आधी वाढते आणि स्वतः मागून बसते. दुसऱ्याची काळजी करणाऱ्या माणसाला स्वतःचं पान दिसत नसावं, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. परवा मी जेवण तसंच ठेवून उठलो, तिचं ताट घेतलं आणि तव्यावरची गरम भाकरी तिला वाढली. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कालवण बी घाल की मंग."