थोरलीला आधी जाऊ दे

रंगूबाई पडघ्याकडच्या खेड्यातून नवरी होऊन भिवंडीत आली, तेव्हा दारात तांदळाचं माप भरून ठेवलेलं होतं. नव्या नवरीनं ते पायानं लवंडायचं आणि घरात शिरायचं, ही जगाची रीत. रंगूनं उजवा पाय उचललासुद्धा. तेवढ्यात सासू पार्वतीनं हात आडवा घातला. "थांब गो! थोरलीला आधी जाऊ दे. बाजूला हो."

आता ही थोरली कोण? तर रंगूच्या नवऱ्याची, चांगदेवाची, पहिली बायको, आनंदी. वर्षापूर्वी ती बाळंतपणात त्याच घराच्या माजघरात गेली होती. पोर जगलं, आई गेली. म्हणजे जी बाई मसणात जळून राख झाली, तिला वाट द्यायला ही कोवळी पोरगी चौकटीला पाठ लावून, अंग चोरून उभी राहिली. उंबऱ्यावर काही हललं नाही, काही वाजलं नाही. सासू मात्र रिकाम्या वाटेकडं बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "गेली. आता तू ये."

तुम्ही म्हणाल, काय हा येडेपणा! म्हणा बापडे. पण दुसरेपणावर मुलगी दिली की पहिलीचा मान तिला ठेवावाच लागतो. रंगूच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीनं चांदीचा टाक बांधला; नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. ही तिची सवत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. जेवणाआधी एक घास काढून माजघराच्या कोनाड्यात ठेवायचा. सकाळी तो घास तिथं नसायचा. उंदीर नेत असेल, मांजर नेत असेल. कुणी विचारलं नाही, आणि रंगूची विचारायची छाती नव्हती.

सवतीला ती आक्का म्हणू लागली. आणि उंबऱ्याची ती पहिल्या दिवसाची रीत तिच्या अंगात अशी मुरली की कुठल्याही खोलीच्या दारात आली की ती अर्धं पाऊल बाजूला व्हायची, क्षणभर थांबायची, मग आत जायची. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं त्यांनाही सवय झाली. चांगदेव माणूस वाईट नव्हता, पण हाक मारताना कधीमधी "आनंदे!" म्हणून जायचा, आणि रंगू मुकाट्यानं ओ द्यायची. तिची स्वतःची कूस काही उजवली नाही. लोक म्हणाले, थोरलीनं उजवू दिली नाही. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं. थोरलीच्या पोराला, तुळशीरामाला, हिनंच न्हाऊमाखू घातलं, गोवर-कांजिण्यांत मांडीवर घेऊन बसली. पण 'आये' हा शब्द आक्काच्या नावावर गेलेला. पोर हिला मावशी म्हणायचं.

अशी वर्षं गेली. आळीत एकामागून एक घरं पाडून कापड विणायचे लूम बसले. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून दिवसरात्र खटखट, खटखट. फडताळावरची भांडी सरकायची, कौलं ढिली व्हायची. शेजारणी लूमवाल्यांना शिव्या घालायच्या. रंगूला मात्र तो आवाज बरा वाटायचा. त्या कल्लोळात घरातलं काही ऐकू येत नाही. शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी घर ऐकू यायचं. माजघरातली तुळई कुरकुरायची. कोनाड्यापाशी बांगड्या किणकिणल्यासारखं व्हायचं. "हाय गो आक्का, मी हितंच हाय," असं रंगू चुलीपुढून म्हणायची आणि पुढची भाकर थापायची. भीती वाटायची का? वाटायची की! पण रोजच्या भीतीला माणूस सरावतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी चांगदेव वारला. तुळशीराम ठाण्याला कारखान्यात होता. रोजची येजा करून कंटाळला. तिकडं त्यानं दोन खोल्यांचा ब्लॉक बघितला. बायको कमळा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. घराला गिऱ्हाईकही चालून आलं, सुरतेचा एक शेठ. त्याला लूम बसवायचे होते. सगळं जमत आलं आणि गाडं अडलं रंगूबाईपाशी. कागदावर तिचा आंगठा लागत होता, आणि ती देईना.

"घर इका की माला काय!" ती म्हणाली. "पन आक्काचं काय? तिला संगती न्यायची का हितंच ठेवायची? बालंतपनात गेलेली बाई ती. संगती न्यावी, तर कमळीचे दिवस भरत आले. ठेवावी, तर तिला घास कोन काढील? उपाशी राहील, रागावंल, आनि राग निघंल तो बी ह्या पोरीच्या पोटावरच. तिची आज्ञा झाल्याबिगर मी आंगठा देनार न्हाय."

तुळशीरामानं कपाळावर हात मारला. पण मावशीला दटावायची त्याची जीभ रेटेना. कसं म्हणणार, आक्का म्हणजे त्याचीच तर आई. मग गावदेवीला कौल लावला. गुरवानं ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर आक्काला न्यायची, डावी पडली तर ठेवायची. ऊन कललं, माणसं बसून बसून आखडली, पण पाकळी हलेल तर शपथ. "मावशे, देवीबी कटाळली तुला," तुळशीराम म्हणाला. रंगूबाई हसली नाही. कमळाचे दिवस भरत चालले होते आणि मावशीला रात्रीची झोप नव्हती.

मध्येच शेठचा निरोप आला. यायला सवड नाही, आधी घराचे फोटो धाडा, प्रत्येक खोलीचा एकेक. आणि खोलीत माणूस उभा करा, म्हणजे तुळई किती उंच ते कळेल. तुळशीरामानं लडकू फोटोवाल्याला सांगितलं. हा लडकू म्हणजे लग्नात नवरानवरीला "हसा!" म्हणून दम भरणारा प्राणी. कॅमेरा बापाच्या वेळचा, तीन पायांचा, काळ्या फडक्याचा. "शुक्रवारीच येनार," तो म्हणाला. "लूम चालू असले का कॅमेऱ्याला हीव भरतं."

शुक्रवारी तुळशीरामाची ड्युटी होती. पोटुशी बाईची छबी काढू नये म्हणतात, म्हणून कमळा चुलीपुढं चहाला बसली. राहिली रंगूबाई. लडकूचा लखकन उडणारा दिवा बिघडलेला. "आजी, आत काळोख हाय. झाकन काढून लय वेळ धरावं लागंल. तवर दगडावानी उभं ऱ्हायचं. हलायचं न्हाय, समजलं?" आणि एकदा झाकण काढलं की हा बाबा स्वतः डोळे मिटून मारुतीचं नाव पुटपुटायचा. तेच त्याचं घड्याळ.

रंगूबाई त्याला घर दाखवत पुढं निघाली. भाताच्या कणगीच्या खोलीत थांबून म्हणाली, "ही कणगी आक्काच्या वेळंची. ते जातं आक्काच्या म्हायेरचं." चुलीपाशी नेलं. "ही चूल आक्कानं घातली. मी निस्ती सारवते." माजघरात आली. "ही खुंटी आक्काची. माजं लुगडं मी दोरीवर टाकते. हा आरसा बी तिचाच, मी न्हाय बघत त्यात. आनि हितं, ह्या तुळईखाली, ती गेली."

लडकू तुळईखालून बाजूला झाला. "आजी, मंग ह्या घरात तुमचं काय हाय?"

प्रश्न साधाच होता. पण रंगूबाई खरोखर विचार करत राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "आंगनात आबोलीचा वाफा हाय," ती शेवटी म्हणाली. "तो म्या लावला."

लडकूनं तिला माजघराच्या दारात, बरोबर मधोमध उभं केलं. झाकण काढलं, डोळे मिटले. लूम बंद होते. घर गप्प झालं. आणि त्या शांततेत तुळई कुरकुरली, कोनाड्यापाशी किणकिण झाल्यासारखी वाटली. रंगूबाईच्या मानेवर काटा आला. अगो बाई, मी आक्काच्या वाटेत उभी! हलू नको म्हणून बजावलंय, पण थोरलीला अडवायची कशी? तिनं बराच वेळ तग धरला, आणि शेवटाला हळूच, पायाचा आवाज न करता, बाजूला सरली. लडकूनं डोळे उघडले, झाकण लावलं. त्याला काही कळलं नाही. कमळाला बाहेर बसवून चुलीपाशी फोटो घेतला, तिथं तेच झालं, कणगीच्या खोलीतही तेच.

शेवटचा फोटो अंगणात, दाराबाहेर, आबोलीपाशी. लख्ख ऊन, इथं झाकण क्षणभरच काढायचं. ती बाजूला सरणार तेवढ्यात झाकण टक्कन परत बसलं. "झालं आजी!"

फोटो धुऊन आले तेव्हा लडकू दारातूनच ओरडत आला. "हलू नका म्हनलं होतं ना! सगळा इस्कोट केला आजींनी!" तुळशीरामानं पाकीट उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. प्रत्येक खोलीत दोन बायका! दोघींचं एकच लुगडं. दाराच्या मधोमध एक ठळक, आणि तिच्या कडेला, चौकटीला चिकटलेली, दुसरी धुरासारखी पुसट. पुसटीच्या अंगातून मागची भिंत दिसत होती. तुळशीरामाला कारण समजत होतं, तरी त्यानं फोटो खाली ठेवले ते जरा घाईनंच.

रंगूबाईनं मात्र ते दोन्ही हातांनी उचलले आणि खिडकीपाशी नेले. "आक्का," ती म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "जल्मात पयल्यांदा बघते गो तुला."

कमळा जवळ आली. तिला वाटलं, म्हातारी त्या धुरकट बाईला बघतेय. "ही पुसट हाय ती, आत्याबाई?"

"येडी का काय तू?" रंगूबाईनं मधल्या ठळक बाईवर बोट ठेवलं. "घर कुनाचं? मधी उभी ती आक्का. ही कडंची पुसट, ती मी."

रंगूबाई एकेक फोटो खाली ठेवत गेली: कणगी, चूल, माजघर. मग अंगणातला फोटो वर आला. उन्हात एक बाई, एकटीच. चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. गळ्यात टाक, पायाशी आबोली. रंगूबाई कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही कोन?" तिनं विचारलं.

"आत्याबाई," कमळा हळूच म्हणाली, "ह्या तुम्हीच."

"मी?" तिनं आपल्या गालावरून हात फिरवला. "केवडी म्हातारी झाले गो. कदी झाले?" मग एकदम सावध होऊन तिनं फोटो उलटसुलट करून पाहिला. "आनि आक्का?"

"न्हाय. भाईर तुम्ही एकल्याच हाव."

रंगूबाईनं डोळे मिटले. देवीनं दिला नाही तो कौल असा मिळाला. आत दोघी, बाहेर एक. आक्का यायची नाही. ती तिच्या घरात राहणार होती, आणि हिला सोडलं होतं. "आन तुजा कागद," ती तुळशीरामाला म्हणाली. शेठचं म्हणाल, तर त्याला खोलीत बाई एक का दोन, काय देणंघेणं? त्यानं तुळई पाहिली आणि सौदा पक्का केला.

जायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. सामान चढलं. आबोलीची दोन रोपं डब्यात घेतली होती. रंगूबाई माजघरात गेली, गळ्यातला टाक सोडला, कोनाड्याच्या मातीत बोटानं खळगा करून त्यात दाबला आणि वरून सारवलं. भाताचा घास ठेवला. "ऱ्हा गो आक्का," ती म्हणाली. "माजं काय चुकलं-माकलं पोटात घाल. पोरीवर राग धरू नको." दोन्ही बाजूंचे लूम खटखटत होते. आतून काही उत्तर आलं असेल तर ते ऐकू आलं नाही.

बाहेरच्या उंबऱ्यापाशी आली आणि सवयीनं बाजूला सरली. थांबली. वाट रिकामी होती, आणि आज कुणी जायचंच नव्हतं. ते ध्यानात आलं तशी तिला रडूच कोसळलं. ज्या सवतीनं जन्मभर धाक घातला, तिच्याच मागून चालायची सवय पायांना लागलेली. एकटीनं आधी कसं निघायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. बाहेरून तुळशीराम हाका मारत होता. पाऊल उचलेना.

मागं कुणीतरी आहे असं तिला वाटलं. वळून पाहिलं, तर कमळा. भरल्या पोटावर एक हात धरून, चौकटीला पाठ लावून, अंग चोरून उभी.

"तू का गो थांबलीस?" रंगूबाईनं विचारलं. "कुनाला वाट देतेस?"

"कुनाला म्हंजे? तुम्हाला." कमळाला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही थोरल्या. तुम्ही आधी."

रंगूबाईचा हात गळ्याशी गेला. तिथं आता टाक नव्हता. "मी जिती हाय गो पोरी," ती म्हणाली.

"मंग! जित्या हाव म्हनून तर थांबले. चला आत्याबाई, पाय दुखतात माजे."

रंगूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि उजवा पाय उचलला.