धाकट्याचं बघा

कुणी असले गूढ अनुभव सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — झोप नीट झाली होती का? नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो मी, स्वभावच तसा. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा मोठा भाऊ — दादा — लोह्याजवळ गावी शेती बघतो. रानात जाताना धाप लागते म्हणाला, म्हणून नांदेडला बोलावून घेतलं. आमचे वडील पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकनं गेलेले, त्यात दादाला तंबाखू. डॉक्टर म्हणाले, सीटी अँजिओग्राफी करू. आत तार घालायची नाही, हाताला फक्त एक इंजेक्शन. हृदयाच्या रक्तवाहिन्या स्कॅनमध्येच दिसतात.

दादा आत मशीनवर, मी काचेच्या अलीकडे टेक्निशियन बाईंजवळ. श्वास रोखायची सूचना रेकॉर्ड केलेली, हिंदीत. बाई स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत.

बाहेर आल्या आल्या दादानं विचारलं, "आत कोण बोललं रे?"

"रेकॉर्डिंग असतं ते. सांस रोकिये..."

"ते न्हाई. आपल्याकडचा मानूस व्हता. म्हनला — तुमचं ठीक हाय, धाकट्याचं बघा."

बाई हसल्या. "माइक बंदच होता, काका."

मीही हसलो. मला कसलाच त्रास नव्हता. रोज सकाळी नदीकाठानं फिरतो, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. पण दादा ऐकेना. "तुजी तारीख घेतल्याबिगर मी गावाकडं जात न्हाई," म्हणून तिथंच खुर्चीत बसून राहिला. वैतागून घेतली तारीख.

दादाच्या रक्तवाहिन्या साफ निघाल्या. धाप लागायची ती अंगात रक्त कमी म्हणून. माझा स्कॅन मात्र डॉक्टरांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, "सर, घरचं कोण आलंय सोबत?"

डाव्या मुख्य रक्तवाहिनीत, अगदी तोंडाशीच, मोठा अडथळा. त्याच आठवड्यात बायपास झाली.

बरा झाल्यावर खूप डोकं चालवलं. शेजारच्या खोलीतला आवाज? मशीनच्या घरघरीत भास? दादाच्या मनातली भीती? पण भीती होती ती त्याच्याबद्दल... माझी काळजी तेव्हा कुणालाच नव्हती. मलाही नव्हती.

एकदा दादालाच विचारलं, "आवाज वडलांचा होता का रे?"



"न्हाई. वळखीचा नव्हता," म्हणाला. "पन त्याला तू ठावूक व्हतास."